३० मे, नागपूर : पारा वाचा, पण पेरणी ओल पाहूनच करा

२५ मेला सूर्य रोहिणीत जातो आणि आपल्या विदर्भात नवतपा लागतो. २ जूनपर्यंतचे हे नऊ दिवस संत्र्याच्या बागेला सर्वांत जड जातात. वावर वखरून तयार असतं, बियाणं घरात येऊन पडलेलं असतं, आणि मोबाइलवर तापमानाचे आकडे फिरू लागतात. त्या आकड्यांवरून कुणी बागेचं पाणी तोडतो, तर कुणी मृगाच्या आधीच तिफण जुंपतो. म्हणून नवतप्यातली एकच तारीख घेऊ, ३० मे, आणि गाव नागपूर. या दिवसांत मागे काय घडलं ते पाहू.

३० मे २०२४ ला नागपुरात पारा ५६ अंशांवर गेल्याची बातमी देशभर पसरली. हा आकडा रामदासपेठेजवळच्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राचा होता. सोनेगावच्या केंद्रानंही ५४ दाखवले. त्याच दुपारी इतर दोन स्वयंचलित केंद्रांवर मात्र पारा ४४च्या आसपास होता. एका जिल्ह्यात, एका दुपारी १२ अंशांचा फरक पडत नसतो. हवामान खात्यानं पुढे सेन्सर बिघडल्याचं स्पष्ट केलं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदले गेले होते आणि तिथल्या सेन्सरमध्येही सुमारे ३ अंशांची चूक निघाली. देशातली खरी विक्रमी नोंद राजस्थानातल्या फलोदीची आहे, १९ मे २०१६ ची, ५१ अंश. नागपूरचा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. यापेक्षा मोठा आकडा कुणी पाठवला तर शेजारच्या दोन केंद्रांच्या नोंदी पाहिल्याशिवाय त्यावरून बागेचा निर्णय घेऊ नका.

आता २०२५ आठवा. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. मुंबईत इतक्या लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नव्हती. महाराष्ट्रात मे महिनाभर पाऊस झाला, नवतपा तापलाच नाही, आणि पुष्कळांना वाटलं, आता कशाला थांबायचं? कृषी विभाग घाई करू नका म्हणून सांगत होता. मे संपता संपता मान्सून अडला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही. वरच्या ओलीवर ज्यांनी बियाणं टाकलं, त्यांचं मन त्या दोन आठवड्यांत कसं झालं असेल ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. दुबार पेरणीत बियाण्याचे पैसे तर जातातच, हातातले दिवसही जातात.

म्हणजे तारीख तीच. एका वर्षी रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं, दुसऱ्या वर्षी रेनकोट काढावा लागतो. नागपुरात मे महिन्यात कमाल तापमान सरासरी ४२-४३ अंशांच्या घरात असतं. पण सरासरी म्हणजे असल्या टोकाच्या वर्षांची बेरीज-भागाकार. बागेच्या पाण्याची तयारी तापलेल्या वर्षाच्या हिशेबानं ठेवावी आणि पेरणीची तारीख नोंदींवरून ठरवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

नवतपा तापला की पाऊस चांगला, असं आपल्याकडे म्हणतात. २०१३ ला तसं झालंही. मे महिन्यात विक्रमी ऊन पडलं, १६ जूनपर्यंत मान्सूननं सारा देश व्यापला आणि विदर्भात अतिवृष्टी झाली. पण २०१५ चा मेअखेरही देशात भाजून काढणारा होता. त्यानंतर जूनचा पाऊस देशात सरासरीपेक्षा १६ टक्के जास्त पडला, जुलैत तितकाच कमी झाला आणि हंगाम १४ टक्के तुटीत गेला. जून पाहून पेरलं त्यांची परीक्षा जुलैत झाली. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलाचा मान ठेवूनही सांगतो, या एका खुणेवर बियाण्याचा पैसा लावू नका.

आता बागेकडे वळू. हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर तापमापी ठेवलेली असते. आपल्या झाडाची मुळं मात्र काळ्या मातीत आहेत, आणि वरचा थर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. दुपारी २ वाजता चप्पल काढून आळ्यात उभं राहून पाहा, पाय टिकत नाही. तिथेच चार बोटं गवत किंवा सोयाबीनचं कुटार पसरून तासाभरानं खाली हात घाला, माती गार लागेल. नवतप्यात आच्छादनाइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही नाही. फक्त ते खोडाला भिडवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा.

आंबिया बहर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणारा फुलोरा, धरला असेल तर फळं आता लहान आहेत. या दिवसांत पाण्यात खंड पडला आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं की गळ हमखास होते. पाणी थोडं, पण नियमित द्या. पहाटे किंवा सूर्य कलल्यावर द्या, आणि ते बुंध्याला न लागता दुहेरी आळ्यातून मुळांपर्यंत जाऊ द्या. दुपारी फवारणी नको. मृग बहरासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून ताण दिलेली बाग असेल तर गोष्ट वेगळी. पाणी पूर्ण बंद ठेवा आणि झाड पाहत राहा. पानं मलूल होऊन पिवळी पडली, पाव हिश्श्याच्या आसपास गळाली म्हणजे ताण बसला. भारी जमिनीत त्याला जास्त दिवस लागतात, हलकीत कमी. मे महिन्यात अवकाळी पाऊस पडला तर ताण मध्येच तुटतो आणि बहर एकसारखा फुटत नाही. अशा वर्षी मृगाचा हट्ट धरण्याआधी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला बाग दाखवा.

पावसाआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावायची वेळ हीच आहे, नाहीतर पावसात डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, वाढतो. १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत ५-५ लिटर पाण्यात भिजवा आणि मग एकत्र ढवळा. चकचकीत लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी घाला आणि पुन्हा तपासा. जमिनीपासून मीटरभर खोड रंगवा आणि पेस्ट त्याच दिवशी संपवा.

पऱ्हाटीबाबत, म्हणजे कपाशीबाबत, एकच सांगणं. १ जूनच्या आधी सरकी टोबू नका, ओलिताची सोय असली तरीही. गुलाबी बोंडअळीचे कोष जमिनीत आणि जुन्या बोंडांत पडून असतात. पावसाच्या ओलीनं पतंग बाहेर येतात. शेतात पात्या-फुलं नसली तर त्यांची पिढी वाढत नाही. लवकर लावलेलं पीक त्यांना आयतं खाद्य देतं. २०१७ ला या बोंडअळीपायी विदर्भानं जे सोसलं ते पुन्हा नको.

सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा, म्हणजे चिखल नाही पण पुरेशी ओल अशी स्थिती, आल्याशिवाय तिफण काढू नका. हा पाऊस तुमच्या वावरातला मोजा, शहरातला नको. वळवाचा पाऊस एका धुऱ्यावर कोसळतो आणि दुसरा कोरडा ठेवतो. सरळ उभ्या भिंतीचा डबा झाडाझुडपांपासून दूर ठेवा, रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मोजा आणि वहीत लिहा. हवामान खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो, त्यामुळे तुमची नोंद महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीशी ताडता येते. फळपीक विम्याचा हिशेब त्याच केंद्राच्या आकड्यांवर होतो. यंत्र बिघडलेलं दिसलं तर तालुका कृषी कार्यालयात त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. हंगाम संपल्यावर केलेल्या तक्रारीत जोर राहत नाही.

पाऊस पुरेसा होईपर्यंत बियाणं तपासून घ्या. १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा, पोतं वाळू देऊ नका. सहा-सात दिवसांनी मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरे, कमी उगवले तर त्या मानानं वाढवा.

सकाळी अकरा ते चार जनावरं सावलीत ठेवा, पाणी दिवसातून तीन-चारदा दाखवा. वळवाचं आभाळ दाटलं, गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, बैल सोडून घराकडे निघा. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आजच मोबाइलमध्ये घेऊन ठेवा आणि मजुरीला आलेल्या बायांनाही ते दाखवा.