40चा आकडा आणि तापलेला कंट्रोलर
रावेरला मामांच्या केळीच्या मळ्यातला सोलर पंपाचा कंट्रोलर मे महिन्यात दुपार झाली की ट्रिप व्हायचा. आपल्याकडचं ऊन माहितीच आहे, हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, बोट टेकवत नव्हतं. म्हटलं आतले आयजीबीटी (करंट झपाट्याने चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) काढून 1200 व्होल्टचे सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट (तेच काम करणारे दुसऱ्या प्रकारचे स्विच) टाकू, बंद होताना मागे रेंगाळणारा करंट नाही म्हणजे स्विचिंग लॉस, चालू-बंद करताना उष्णतेत वाया जाणारी वीज, कमी.

दोन प्रकार आणले, चालू असताना एकाचा रोध 40 मिलिओहम, दुसऱ्याचा 45; रोध कमी तेवढं तापणं कमी, म्हणून साहजिकच 40वाला लावला तर तो अपेक्षेपेक्षा जास्त तापला! डेटाशीट नीट बघितली तर 40 हा आकडा गेटला (स्विच चालू-बंद करणाऱ्या पायाला) 20 व्होल्ट दिल्यावरचा, आणि गेटला व्होल्टेज देणारा आपला जुना ड्रायव्हर देतो 15च, तिथे त्याचा रोध वाढतो. 45वाला 15 लाच मोजलेला. घ्या, आकडे बघून माल घेतला की असं होतं.

मग 45वाले टाकले तर एक फटकन फुटला, मामा म्हणे "काय भो, दिवाळी का?" बंद करताना गेट शून्यावरच सोडत होतो, जोडीतला समोरचा स्विच झटक्यात चालू झाला की हापण क्षणभर चालू व्हायचा आणि दोघांतून शॉर्ट. मग बंद करताना उणे 4 व्होल्ट दिले, गेटच्या वायरी बोटभर केल्या. बोअरपर्यंत केबल लांब म्हणून गेट रेझिस्टर मुद्दाम थोडा मोठा ठेवला, म्हणजे स्विचिंग जरा सावकाश होतं; नाहीतर लांब केबलवर व्होल्टेज उसळून मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं.

आता भर दुपारी पाणी चालू असतं.