माहितीपट संपल्यावर लगेच चहा आणू नका

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा आम्ही सिनेमा लावतो. एरॉल मॉरिस यांचा 2003 सालचा 'द फॉग ऑफ वॉर' हा माहितीपट, म्हणजे अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांची मुलाखत, दोनदा लावला. पहिल्या खेपेला चर्चेचं वाटोळं झालं. दिवे लागताच चहा आला, 'हा गुन्हेगार की नाही' यावर दोघे भांडले, तिसऱ्याने आपलं राजकारण काढलं आणि दहा मिनिटांत सगळे टँकरच्या पाण्यावर आले. दुसऱ्यांदा जमलं. कसं, ते सांगते.

सुरुवातीला भाषण नको. फळ्यावर तीनच ओळी लिहा: 1945 च्या मार्चमधला टोकियोवरचा आगबॉम्बचा हल्ला, एका रात्रीत सुमारे 1 लाख माणसं मेली; ऑक्टोबर 1962, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर; 1961 ते 1968, रॉबर्ट मॅकनमारा अमेरिकेचे संरक्षणमंत्री, व्हिएतनामचं युद्ध त्यांच्याच काळात वाढलं. माणूस चांगला की वाईट, हे तुम्ही बोलायचं नाही. माहितीपट पावणेदोन तासांचा आहे, म्हणून साडेपाचला लावा. उशीर झाला की ठाण्याहून आलेल्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं.

संपल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या वाटा आणि एकच प्रश्न द्या: हा माणूस तुम्हाला कुठे आपलासा वाटला, आणि कुठे तुटला? नाव लिहायचं नाही.

हा प्रश्न मला माझ्यावरूनच सुचला. मी बेस्टच्या आगारात ड्यूट्या लावायचे. किती गाड्या, किती माणसं, फेऱ्यांचा मेळ कसा घालायचा, आयुष्य त्यात गेलं. मॅकनमारा तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी हवाई दलाचे जनरल कर्टिस लमे यांच्या हाताखाली बॉम्बफेकीचा असाच हिशेब करायचे. तो हिशेब ते सांगत होते तेव्हा माझी मान आपोआप हलत होती. चोख काम, वाटलं! मग पडद्यावर जळालेली शहरं आली आणि मान थांबली. माझा हिशेब चुकला तर सायनला रांग वाढायची, एवढंच. इथे तर हिशेब बरोबर आला म्हणून माणसं जळाली. मी चिठ्ठीत तेवढंच लिहिलं.

चिठ्ठ्या एकाच माणसाने, सपाट आवाजात वाचाव्यात. नाटकात कामं केलेल्याला देऊ नका, तो रंगवतो.

'आपण हरलो असतो तर युद्धगुन्हेगार ठरलो असतो', असं लमे म्हणाल्याचं मॅकनमारा सांगतात. सगळे त्यावर तुटून पडतात. तो विषय शेवटाला ठेवा, नाहीतर पुन्हा कोर्ट भरतं.

महाभारत निघणारच. निघू द्या, पण कीर्तन होऊ देऊ नका. आमच्याकडे एक काका म्हणाले, हे तर भीष्म. द्रौपदीने सभेत प्रश्न विचारला तेव्हा धर्माची गती सूक्ष्म म्हणाले आणि सुटले. पद सोडल्यावर युद्धाविरुद्ध का बोलला नाहीत, या प्रश्नाला मॅकनमारांनीही बगलच दिली आहे. मी विचारलं, मग इथली द्रौपदी कुठे आहे? मुलाखत तर एकाच माणसाची. सगळे गप्प झाले. मग बी विंगमधल्या आजी 71 च्या ब्लॅकआउटबद्दल बोलल्या: खिडक्यांना काळा कागद, मूल रडलं तरी दिवा लावायचा नाही. "वरून कोण आकडे मोजतंय हे खाली कुठे कळतं? आम्ही आपले अंधारात." त्या दिवसाची खरी चर्चा तिथून सुरू झाली. असं कुणी बोलू लागलं की मध्ये तोंड घालू नका, तारीख-वार दुरुस्त करू नका.

एखादी चिठ्ठी कोरी येते. ती फेकू नका. 'कोरी' एवढं वाचा आणि पुढची घ्या. चहा त्यानंतर.