"अजून एक कागद लागेल" म्हणाले की काय करायचं

तहसील असो, नगरपालिका असो, खिडकीवर हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. त्यातले निम्मे कागद कुठल्याच नियमात नसतात, आधीच्या क्लार्कने मागितले म्हणून आत्ताचा मागतो, बास.

तर घरातून निघायच्या आधी आपले सरकार पोर्टलवर बघा तुमची सेवा 'अधिसूचित', म्हणजे लोकसेवा हक्क कायद्याखाली जाहीर केलेली, आहे का. हा कायदा 2015 चा आहे, त्यात आलेल्या सेवेला मुदत ठरलेली असते, आणि मुदत किती, अधिकारी कोण, अपील कोणाकडे हे ऑफिसच्या बोर्डावर लावायलाच लागतं. बोर्ड कपाटामागे असला तरी शोधा आणि फोटो काढून ठेवा.

आता अॅफिडेव्हिट. गेटबाहेरचे टायपिंगवाले लगेच स्टॅम्प पेपर काढतात, पण 9 मार्च 2015 चा जीआर (शासन निर्णय) आहे, कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितलं नसेल तर साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालतं, झेरॉक्सवर पण स्वतःची सही पुरते, राजपत्रित अधिकारी शोधत फिरायचं नाही. हा जीआर प्रिंट काढून फाईलमध्ये ठेवाच, तोंडी सांगून कोणी ऐकत नाही हो, कागद दाखवला की आवाज खाली येतो. सातबारा पण तसाच, महाभूमी या सरकारी वेबसाइटवरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा काढा, त्याला तलाठ्याचा शिक्का लागत नाही.

तरीही जादा कागद मागितलाच तर भांडू नका. शांतपणे म्हणा, "साहेब, कुठल्या जीआरनुसार लागतो तेवढं लिहून द्या." बऱ्याचदा कागदाची गरज तिथेच संपते, कारण लिहून द्यायचं म्हणजे सही आली आणि सही म्हणजे जबाबदारी. नाहीच संपली तर आहे तो अर्ज आवक-जावकला द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे अर्ज क्रमांक आणि तारीख असलेली, "ठेवून जा, बघतो" ही पोच नाही! मुदत त्या तारखेपासून मोजतात (कागद अर्धवट असतील तर ते पूर्ण झाल्यापासून), त्यामुळे पोच नसेल तर पुढचं सगळं अवघड. आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, तेही कायद्यातच आहे.

मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं म्हणून लोक घाबरतात, पण ठोस कारण नसताना उशीर केला तर 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो हे त्यांनाही माहीत असतं. त्यानंतर दुसरं अपील आणि शेवटी सेवा हक्क आयोग. सेवा अधिसूचित नसेल तर मात्र हे लागू नाही, तिथे 10 रुपयांचा माहिती अधिकार टाका आणि एवढंच मागा: माझा अर्ज अमुक तारखेपासून कोणाच्या टेबलवर किती दिवस होता, त्याच्या नोंदीची प्रत द्या.