ब्रोकोली आणलीत ना, आता ती नीट धुवायची कशी ते बघा

मला इथे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला येऊन आता पंधरा वर्षं होतील, आणि दर ऑगस्टात नवीन आलेल्यांचे तेच प्रश्न, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) कधी येतो, लायसन्सची टेस्ट कुठे द्यायची, क्रेडिट कार्ड कोण देईल. मग आठवड्याभराने हळूच, "ताई, त्या ब्रोकोलीचं करायचं काय?" कारण गवार, तोंडली इंडियन स्टोअरमध्ये मिळतात पण भाव बघून पोटात गोळा येतो, आणि ब्रोकोली मात्र कुठल्याही दुकानात बारा महिने. सलिनास व्हॅली इथून जेमतेम दीड तासावर आहे, अख्ख्या देशाला ब्रोकोली पुरवणारा भाग तो, त्यामुळे आपल्याला ताजीच मिळते.

घेताना गड्डा घट्ट आणि गडद हिरवा बघा. कळ्या पिवळ्या दिसल्या म्हणजे ती फुलायला लागली, सोडून द्या. दुकानात वरून पाण्याचे फवारे मारतात ना, ते पाणी झटकून मगच पिशवीत टाका, पौंडावर पैसे घेतात, पाण्याचे कशाला द्यायचे!

आणि घरी आल्या आल्या धुवायची नाही. मी पुण्याची सवय घेऊन आलेले, मंडईतून भाजी आणली की धुवून निवडून मोकळं व्हायचं, तसंच पहिल्या महिन्यात केलं आणि ओलीच पिशवीत गाठ मारून फ्रीजमध्ये ठेवली. चौथ्या दिवशी ड्रॉवर उघडला तर सगळं बुळबुळीत, आणि वास असा की रूममेट सिंक तुंबलंय का बघायला गेली. तर करायच्या दिवशीच धुवा, तोवर पिशवीचं तोंड उघडं ठेवा, आणि सफरचंदांच्या शेजारी ठेवू नका, त्यांच्यातून जो इथिलीन वायू सुटतो त्याने ही लवकर पिवळी पडते.

आता धुणं. ब्रोकोली म्हणजे आपल्या फ्लॉवरची सख्खी बहीण, शास्त्राच्या हिशोबात दोघी एकाच जातीच्या, पण फ्लॉवरवर पाणी टिकतं, हिच्यावर नाही. अख्खा गड्डा नळाखाली धरा, पाणी मोत्यांसारखं ओघळून जातं आणि आत सगळं कोरडंच. कळ्यांवर मेणासारखा थर असतो त्याने होतं ते. एक तुरा पाण्यात उलटा बुडवून बघा, कळ्यांवर चंदेरी चकाकी दिसते, ती आत अडकलेली हवा, म्हणजे पाणी अजून पोचलेलंच नाही. म्हणून आधी तुरे सुटे करायचे. त्यातही सुरी वरून घालू नका, हिरवा भुगा ओटाभर होतो, देठाकडून चीर द्या आणि हाताने फाडा. मग मोठ्या पातेल्यात गार पाणी, दोन चमचे मीठ, तुरे डोकं खाली करून वर जड ताटली, पंधरा-वीस मिनिटं. मधे दोनदा देठाला धरून पाण्यात जोरात खळबळा, चकाकी जाईपर्यंत. शेवटी वाहत्या पाण्याखाली एकदा धुवून घ्या.

एवढं कशाला, तर अळ्या. मोठ्या दुकानातल्यात क्वचित सापडतात, पण शनिवारी मर्फी अव्हेन्यूवर जो फार्मर्स मार्केट भरतो तिथून ऑरगॅनिक आणलीत तर नक्की बघा. अळी अगदी त्याच हिरव्या रंगाची, देठाला चिकटून लांब पडलेली, चष्मा लावूनही दिसत नाही (माझ्याकडे ती एकदा थेट गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, निघाली, जाऊ दे). मिठाच्या पाण्यात सुटून येते. करडा पिठूळ मावा (बारीक किडे) असेल तर तो मात्र हटत नाही, तेवढा भाग कापून टाका सरळ.

भांड्याचा साबण लावू नका हं, हसू नका, लावणारे बघितलेत मी. एफडीए (इथली अन्न-औषधांची सरकारी संस्था) पण साबण नको, ते भाजी धुवायचं महागडं लिक्विड पण नको, साधं वाहतं पाणी म्हणते. पिशवीवर ट्रिपल वॉश्ड, म्हणजे आधीच तीनदा धुतलेली, असं लिहिलं असेल तर परत धुवायची गरज नाही.

धुतली की टॉवेलवर उलटी पसरून कोरडी होऊ द्या, ओली कढईत गेली की परतली न जाता शिजून लगदा होतो. झाकण फार वेळ नको, लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर हिरव्याची मातकट होते. आणि उरलेली ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मग लंचला शेजारी कोणी बसत नाही.

अरे हो, दांडा! नुसते तुरे घेऊन तो फेकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्याचेही पैसे दिलेत ना तुम्ही. वरची जाड साल सोलाण्याने नाही निघत पटकन, सुरीने बुडाकडून ओढा, लांब दोऱ्यासारखी सुटते. आतला फिकट गाभा चवीला थेट नवलकोल. किसा, दही, दाण्याचं कूट, वरून हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी, आमच्याकडे पाहुण्यांना काकडीचीच कोशिंबीर वाटते.