अमेरिकेतील घरापुढे तुळशीवृंदावन मांडण्यापूर्वी

अमेरिकेत स्वतःचे घर घेतल्यावर पुढच्या हिरवळीवर तुळशीवृंदावन बसवावे, दिवाळीत उंच काठीला आकाशकंदील टांगावा, असे अनेक मराठी कुटुंबांना वाटते. मात्र अंगण आपल्या नावावर असले तरी त्यात काय दिसावे हे ठरवणारे आणखी दोघे असतात: एक शहर आणि दुसरी वसाहतीची घरमालक संघटना, म्हणजे एचओए. शहराची हरकत नसली म्हणून संघटनेची परवानगी मिळाली असे होत नाही, आणि याच्या उलटही तेवढेच खरे आहे.

पहिले काम जमीन ओळखण्याचे. घरखरेदीच्या कागदपत्रांतला प्लॉट सर्व्हे, म्हणजे जागेचा मोजणी-नकाशा, काढून हद्दीची रेघ शोधावी. पदपथ आणि रस्ता यांमधला गवताचा पट्टा बहुतेक ठिकाणी सार्वजनिक हक्काचा असतो. तिथले गवत आपण कापायचे, पण त्यावर दगडी हत्ती मात्र ठेवायचा नाही, असा तो मामला आहे. घर कोपऱ्यावर असेल, तर वळणाऱ्या चालकाला समोरचे दिसावे म्हणून शहराने मोकळा राखलेला त्रिकोणही पाहावा. पाया किंवा खांबासाठी खणायचे असल्यास काही दिवस आधी ८११ या क्रमांकावर कळवावे. ही सेवा मोफत आहे. जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगाने खुणा करून दिल्या जातात, आणि त्यांतली पिवळी रेघ गॅसची असते.

त्यानंतर संघटनेची नियमावली वाचावी. 'रस्त्यावरून दिसणारी वस्तू' हे शब्द जिथे येतील तिथे थांबून उंची, संख्या आणि रंग यांच्या मर्यादा टिपून घ्याव्यात. सणांच्या रोषणाईचे कलम बहुधा नाताळ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. त्यातली मुदत नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आसपास सुरू होत असेल, तर दिवाळी सरळ तिच्याबाहेर पडते. म्हणून कंदील लावल्यावर वाद घालत बसण्यापेक्षा उन्हाळ्यातच लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवलेले बरे.

अर्जासोबत साधे रेखाचित्र, फूट-इंचांतली उंची, पदपथापासूनचे अंतर आणि वस्तूचे छायाचित्र जोडावे. तुळस कडाक्याच्या थंडीत टिकत नाही, त्यामुळे रोप सुट्या कुंडीत ठेवून वृंदावनात नुसते बसवलेले असावे. हिवाळ्यात कुंडी घरात नेता येते.

नकार आला तर कायदा कुठे आपल्या बाजूने आहे ते पाहावे. घरांवरील फलकांवर मिझुरीतील एका उपनगराने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रद्द केली. पण संविधानातले भाषणस्वातंत्र्य सरकारला बांधते, खासगी संघटनेला सहसा नाही. संघटनेपुढे राज्याचा कायदाच कामी येतो. टेक्सासमध्ये २०२१ पासून संघटनेला घरमालकाच्या जागेतील धार्मिक वस्तूंवर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र त्या वस्तूने हद्द, सेटबॅक (हद्दीपासून मोकळे सोडायचे अंतर) किंवा सुरक्षिततेचे नियम मोडले तर ती काढायला लावता येते, त्यामुळे श्रद्धेइतकीच मोजपट्टीही जवळ बाळगावी. फ्लोरिडात सणाची सजावट मुदतीनंतर राहिली, तरी लेखी सूचनेनंतर एक आठवडा उलटल्याशिवाय दंड लावता येत नाही.

नोटीस आलीच तर रागाने फाडू नये आणि घाईने दंडही भरू नये. टेक्सासमध्ये सुनावणीची मागणी करण्याची मुदत नोटीस टपालात पडल्यापासून ३० दिवसांची असते, म्हणून पाकिटावरची तारीख दिसेल असा त्याचा फोटो आधी काढून ठेवावा.