मोशन कॅप्चरमध्ये यायचंय? आधी पाय बघा

जळगाव-धुळ्याकडची पोरं अधूनमधून विचारतात, ॲनिमेशनची पदवी चालू आहे, मोशन कॅप्चरमध्ये, म्हणजे खऱ्या माणसाची हालचाल टिपून ती ॲनिमेशनच्या पात्राला देण्याच्या कामात, कसं शिरायचं? सॉफ्टवेअरची नावं तुम्हाला ठाऊक असतातच, ती सांगत बसत नाही. मी जिथे आपटलो ते सांगतो.

शेवटच्या वर्षी माझ्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाचे नमुने दाखवायच्या व्हिडिओत, चार शॉट होते: चालणं, पळणं, उडी आणि पोतं वाहून नेणारा माणूस. डेटा फुकट मिळालेला. तो माझ्या पात्रावर रिटार्गेट केला, म्हणजे बसवला, थरथर दिसली म्हणून सरसकट स्मूथ फिल्टर मारला आणि झकास लायटिंग करून रेंडर काढला. वर्गात टाळ्या पडल्या. पुण्यातल्या पहिल्याच मुलाखतीत समोरच्या मॅडमनी व्हिडिओ थांबवला, पात्राच्या टाचेवर बोट ठेवलं आणि एकेक फ्रेम पुढे नेली. टाच जमिनीला टेकलेली, तरी पुढे सरकत होती. पोतंवाला तर खांद्यावर कापूस घेतल्यासारखा तरंगत होता. "यातलं तुम्ही काय केलंत?" एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री भुसावळ येईपर्यंत गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही.

पाय का घसरतो ते नीट समजून घ्या. ज्याचा डेटा आहे त्याचा पाय समजा 90 सेंटिमीटर आणि तुमच्या पात्राचा 75. कंबरेचा प्रवास जसाच्या तसा उचलला तर पात्र अंतर तेवढंच कापणार, पण त्याची ढांग तेवढी पडत नाही. राहिलेलं अंतर पाय घसरून भरून काढतो. म्हणून आधी कंबरेचा प्रवास पायाच्या मापात आणायचा, इथे साधारण 83 टक्के. मग एकेक पाऊल. टाच टेकली, तळवा बसला, टाच उचलली, अंगठा सुटला, या चार फ्रेमचे आकडे कागदावर लिहा. तळवा बसल्यापासून टाच उचलेपर्यंत आयकेने (पाऊल धरलं की गुडघा आपोआप जुळवून घेणारी सोय) पाय जागच्या जागी खिळवा. त्यात गुडघा झटक्याने ताठ झाला तर पावलाशी खेळू नका, कंबर किंचित खाली घ्या.

आणि तो फिल्टर! टाच टेकून तळवा बसायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. सेकंदाला 120 फ्रेमच्या डेटात जेमतेम दहा-बारा फ्रेम. अंगाचं वजन जमिनीवर येतं ते याच फ्रेममध्ये, आणि फिल्टर नेमका तोच धक्का थरथर समजून पुसतो. मनगट थरथरत होतं, म्हणून मी सगळ्या अंगाला फिल्टर लावला आणि पात्राचं वजनच घालवून बसलो. ज्या सांध्यात, ज्या फ्रेमला थरथर आहे, तेवढ्यालाच हात लावा.

त्या उन्हाळ्यात मी घरी, रावेर तालुक्यात. केळीची कटाई चालू होती. घड खांद्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे जाणाऱ्या काकांची परवानगी घेतली आणि मोबाइल सरीत, घोट्याच्या उंचीला ठेवून 60 फ्रेमने शूट केलं. घड खांद्यावर असताना त्यांची टाच आधी टेकतच नाही, पाऊल जवळजवळ सपाट पडतं. गुडघा पूर्ण सरळ होत नाही. आणि घड खाली ठेवल्यावर पुढची दोन पावलं नेहमीपेक्षा उंच उचलली जातात, अंग अजून ओझं धरूनच असतं. आपल्याकडे हे रोज डोळ्यांसमोर घडतं, तुम्ही फक्त मोबाइल खाली ठेवा.

हे बघून पोतंवाल्याचा तेवढा एकच शॉट मी तीन आठवडे पुन्हा केला.

नोकरीची हमी देऊन फी घेणाऱ्या कोर्सपासून लांब राहा. माझ्या अप्पांचे पैसे तिथे गेलेत, म्हणून कळकळीने सांगतोय. मोबाइलच्या व्हिडिओवरून आपोआप मोशन कॅप्चर काढणारी साधनं जरूर वापरा, पण हाताने दहा शॉट साफ केल्यावर. आणि सिनिअर निवडताना भाषण देणारा नको, तुमचा ग्राफ एडिटर (सांध्यांची हालचाल रेषांत दाखवणारी खिडकी) उघडून त्यातल्या कर्व्हवर बोट ठेवणारा बघा. असा एक मिळाला तरी पुरे.

घाबरू मात्र नका. मोशन कॅप्चरचा सूट नाही, स्टुडिओ नाही म्हणून काही अडत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोफत डेटा 41 मार्कर (कॅमेऱ्याला दिसाव्यात म्हणून अंगावर लावलेल्या खुणा) आणि 12 कॅमेऱ्यांवर घेतलेला आहे, सरावाला तो भरपूर झाला. इंग्रजी अडखळत असेल तरी चालतं, मलाही पहिली नोकरी तशीच लागली. सुरुवातीला क्लीनअपच, म्हणजे डेटा साफ करायचंच काम मिळतं, किंवा शूटच्या दिवशी कलाकाराच्या अंगावर मार्कर चिकटवायचं काम. ते हलकं समजू नका. गुडघ्याचा मार्कर दोन बोटं सरकला तर पुढे आठवडाभर कोणीतरी तो गुडघा दुरुस्त करत बसतं. लाइफ ड्रॉइंगचे (समोरच्या माणसाला बघून चित्र काढायचे) तास बुडवू नका, गुडघा कुठे असतो ते तिथेच कळतं.

शोरीलमध्ये मूळ डेटा डावीकडे आणि तुमचं काम उजवीकडे, असं शेजारी शेजारी ठेवा. मी तसं ठेवलं. दुसऱ्या मुलाखतीत "तुम्ही काय केलंत" हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते हे, की पोतं ठेवल्यावर हा माणूस पुढची दोन पावलं अशी उंच का टाकतो? मग मी त्यांना केळीची कटाई सांगितली.