द्राक्षं आणि दोन वर्षांचं पोर

नाशकात द्राक्षांची पेटी घरात आली की पोराचे दोन्ही गाल माकडासारखे फुगतात. हसू येतं खरं, पण 5 वर्षांखालच्या मुलाला अख्खा मणी देऊच नका. गोल, गुळगुळीत मणी श्वासनलिकेत बुचासारखा बसतो. वाहत्या पाण्याखाली धुवा, मग देठापासून टोकापर्यंत उभे चार तुकडे करा. आडव्या चकत्या नकोत, त्या गोलच राहतात. पोर बसलेलं हवं. वाटी घेऊन पळालं तर मागे धावू नका, त्याला तो खेळच वाटतो. चघळून टाकलेली सालं सोफ्याच्या फटीत, आजोबांच्या चपलेत सापडतील. लगेच काढा, नाहीतर मुंग्या. ठसका लागला तर खोकू द्या. आवाजच फुटेना तर पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, तळहाताने 5 जोरदार थापा द्या आणि कुणाला तरी 108 फिरवायला सांगा.